न लागलेला दिवा

मगरिब होऊन गेली होती. नांदेडला अब्बांची तपासणी दुपारीच उरकायची होती, पण डॉक्टरांकडची गर्दी आणि मग औषधांची रांग, यात निघायलाच उशीर झाला. कंधार ओलांडलं तेव्हा हेडलाइटचा उजेड पिवळट वाटू लागला. काच मळली असेल, असं म्हणून आम्ही पुढे निघालो. जांबच्या अलीकडे हॉर्न घोगरा झाला, आतला पंखा मंदावला आणि एका चढावर दोन गचके देऊन गाडी बंद पडली. चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्. मागे अब्बा, अम्मी आणि आमची लेक, बाहेर मिट्ट काळोख. अब्बांची रात्रीची गोळी जेवणानंतरची, आणि जेवण घरी. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोरी बांधून ओढत आणलं. जळकोटला पोहोचलो तेव्हा इशाची जमात केव्हाच उठली होती.

या सगळ्या प्रकारात डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नव्हता. आमचं तर समाधान असायचं, की गाडी 2006 सालची असली तरी एक दिवा पेटत नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत!

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये सांगितलं, बॅटरी गेली. नवी घेतली, जुनी बदल्यात दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. आता दुसऱ्याने सांगितलं, डायनमो बदला. (अल्टरनेटरला आपल्याकडे अजून डायनमोच म्हणतात.) आठ हजारांचा आकडा ऐकून आम्ही गाडी ढकलस्टार्ट करून उदगीरच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. उस्तादांनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "भाई, इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली, की तुमच्या गाडीत किती दिवे लागतात?"

आम्हाला सांगता येईना. नऊ वर्षं तीच गाडी चालवतोय, रोज चावी फिरवतोय, पण मोजले कोणी?

त्यांनी चावी अर्धी फिरवली. ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला, इंजिनचा पिवळा दिवा लागला. बॅटरीचा लाल दिवा मात्र लागला नाही. मीटरचं पॅनल सोडवून पाहिलं तर त्या जागी बल्बच नव्हता. जळालेला नव्हे, काढून घेतलेला. आमच्या आधी ही गाडी दोन हातांतून गेली होती. कोणाला तरी तो दिवा सारखा पेटलेला दिसत असणार, आणि गिऱ्हाइकालाही दिसला असता.

हा बल्ब केवळ इशारा देण्यासाठी नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. जुन्या धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत त्याची एक बाजू चावीकडून येते आणि दुसरी अल्टरनेटरला जाते. चावी फिरवली की बॅटरीचा करंट या बल्बमधून अल्टरनेटरच्या आतल्या गुंडाळीत जातो आणि तिथे थोडं चुंबकत्व तयार होतं. इंजिन फिरायला लागलं की अल्टरनेटर स्वतःची वीज तयार करतो, मग बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज आल्यामुळे तो विझतो. बल्बच नसेल तर अल्टरनेटर कधी उचलतो, कधी नाही. जोरात रेस दिली तर जागा होतो, बाजारात हळूहळू फिरलात तर झोपलेलाच. नवी बॅटरी भरलेली होती, म्हणून तीन आठवडे निभावली.

त्या रात्रीचा हिशेब आम्ही नंतर मांडला. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून साधारण 120 वॅट, म्हणजे 10 अँपिअर. पेट्रोल पंप, इग्निशन, पंखा, मागचे दिवे धरून आणखी तेवढाच. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. कागदावर पावणेदोन तास, आणि जुनी असेल तर त्याच्याही निम्मे. अंधार पडल्यावर दिवे लावले तेव्हापासून आम्ही बॅटरीच खात होतो.

बल्ब बसवला, गोष्ट संपली असं वाटलं. आठवड्याने लेक म्हणाली, "अब्बू, तो दिवा बारीक पेटतो." आम्ही दिवसा पाहिलं, काही नाही. ती सध्या गाडी शिकते आहे, त्यामुळे तिचं लक्ष आमच्यापेक्षा जास्त. तिने मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या: दिवसा नाही, रात्री हेडलाइट आणि पंखा दोन्ही चालू असतील तरच, आणि पंखा बंद केला की जवळजवळ नाहीसा. उस्तादांना ते वाचून दाखवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अर्धं काम हिनेच केलं." लोड वाढला की दिवा उजळतो, याचा अर्थ अल्टरनेटर वीज बनवतोय, ती वाटेत कुठेतरी अडते आहे.

मग मल्टिमीटर निघाला. इंजिन चालू, हेडलाइट चालू. एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. वायर चांगली असेल तर इथे 0.2 व्होल्टच्या आसपास यायला हवं. आलं 1.3. बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजचा नट हिरवा पडून कडेने करपला होता. घासून साफ केला, नवी थिंबल दाबून बसवली. बॅटरीवर आधी 12.8 व्होल्ट मिळत होते, ते 14.1 झाले. मजुरी 200 रुपये. आठ हजारांचा डायनमो अजून तोच आहे.

ही तपासणी घरीही करता येते, साधा मल्टिमीटर काही महाग नसतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास, आणि इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5. एवढे दोन आकडे घेऊन गॅरेजला गेलात तरी बोलणं वेगळ्या सुरात सुरू होतं. तशीच तपासणी अर्थिंगच्या बाजूने, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमध्ये. उजवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकतो, असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका; त्या दिव्याची अर्थिंग सुटलेली असते.

दिवे लागलेच तर सगळ्यांना सारखं घाबरायचं नसतं. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. तापमानाचंही तेच, आणि आमच्या मराठवाड्याच्या उन्हात झाकण लगेच उघडायचं नाही. बॅटरीच्या दिव्यावर मात्र थोडं अंतर कापता येतं. एसी, पंखा, गाणी बंद करायची, आणि इंजिन बंद करायचं नाही, कारण सेल्फ पुन्हा मारेलच असं नाही. फक्त त्याच वेळी तापमानाचा काटा चढत असेल तर पट्टा तुटला असण्याची शक्यता आहे, मग थांबायचं. हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा दिवा राहिला तर बोनेटखाली ब्रेक ऑइलची पातळी पाहायची. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर दोन दिवसांत दाखवावं. लुकलुकत असेल तर इंजिन मिस मारतंय, गाडी रेटू नये. एअरबॅगच्या दिव्याला घरी हात लावायचा नाही, त्या पिवळ्या प्लगमध्ये टेस्ट लॅम्प तर मुळीच घालायचा नाही.

स्कॅनरबद्दलही एक सांगायला हवं. 2010 पासून बीएस-4 नियमांबरोबर दोष नोंदवणारी यंत्रणा आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या गाड्यांना बाजारातला स्वस्त स्कॅनर कित्येकदा लागतच नाही. आणि लागला तरी तो कोणत्या भागातून चुकीची खबर येते एवढंच सांगतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला, आणि निघाला उंदराने कुरतडलेला पाइप, असं होतं. शेतातली रास झाली की उंदीर गावात शिरतात, आणि गरम बोनेटखालची जागा त्यांना आवडते. फ्यूज उडत असेल तर तिथेच पाहा. 10 अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी 20 चा पिवळा घालू नका, तार तर कधीच नाही. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

ज्यांच्या घरी जुनी गाडी घ्यायचं चाललंय, त्यांनी रंग आणि सीटकव्हर नंतर बघावं. आधी चावी अर्धी फिरवून दिवे मोजावेत. ऑइल, बॅटरी, ब्रेक, इंजिन. एअरबॅग-एबीएस असेल तर तेही. सगळे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर, हँडब्रेक सोडल्यावर सगळे विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर विचारा, आणि पॅनल खोलल्याशिवाय उत्तर मान्य करू नका. काही जण तर दिव्यावर काळी पट्टी चिकटवून ठेवतात.

अब्बांची पुढची तारीख आहे सोमवारी. हल्ली गाडीत बसले की ते स्वतःच पुढे वाकून दिवे मोजतात आणि मोठ्याने आकडा सांगतात. पेट्रोलचा काटा मात्र अजूनही अर्ध्यावर अडकून असतो. टाकीतला फ्लोट की मीटरची अर्थिंग, ते लेकीने तिच्या नोंदींत लिहून घेतलंय.