आगकाड्यांची मौज

अमडापुरी परवा सायंकाळी वीज गेली असता, कंदिलासाठी हाती घेतलेली काडेपेटी ओट्यावर सांडली आणि त्या विखुरलेल्या काड्यांनी दादासाहेब फाळक्यांच्या १९१५ सालच्या ‘आगकाड्यांची मौज’ या विनोदी लघुपटाचे अकल्पित स्मरण करून दिले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर नाशकास बिऱ्हाड हलवलेल्या या गृहस्थाने निर्जीव काड्यांना सजीव करण्याचा जो खटाटोप मांडला, त्याची रीत सांगायला अगदी सोपी: काडी जवभर सरकवावी, एक चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावी, परंतु मूकपटांच्या त्या जमान्यात सेकंदास १६ च्या आसपास चित्रे लागत असल्याने मिनिटभराच्या करमणुकीस सुमारे ९६० चित्रे घेणे प्राप्त होते, आणि मध्येच कोणाचा पदर लागला की केलेले सारे पाण्यात! फ्रान्सात एमिल कोल याने १९०८ मध्येच काड्या नाचविल्या होत्या, हे खरे. पण वाटाण्याच्या कोंबाची वाढ रोज एकेक चित्र घेऊन टिपणाऱ्या फाळक्यांस सबुरी शिकण्यासाठी परदेशी गुरूची गरज नव्हती, असे माझे मत. तो पट काळाच्या उदरात गडप झाला. मी मात्र ओट्यावर काड्या जुळवून एक माणूस केला, त्याचा पाय किंचित पुढे सरकवला, इतक्यात वीज आली.