वृद्धांच्या सोयीची आणेवारी

पिकाची आणेवारी, जिला हल्ली पैसेवारी म्हणतात, ती रस्त्यावरून पाहून ठरत नाही, हे आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. शेतात नमुन्याचा तुकडा आखून, कापून, झोडून दाणा तोलावा लागतो. आपले गाव हिंडत्याफिरत्या वृद्धांस कितपत आधार देते, हेही त्याच रीतीने तपासावे, असे महसूल खात्यात कारकुनी केलेल्या प्रस्तुत लेखकास वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ३३ शहरांतील अनुभव गोळा करून ह्या विषयावर एक मार्गदर्शिका काढली. तीत आठ बाबी आहेत : मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घर, लोकांत मिसळणे, मान, काम व कारभारातील भाग, माहिती, आणि औषधोपचार व सेवा. प्रत्येक बाबीस दोन आणे धरिले म्हणजे बरोबर सोळा आणे होतात.

उदाहरणार्थ टिटवाळा घेऊ. हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी काळू नदीच्या आसपास भातशेतीची खेडी आहेत. पाहणी करणाराने सत्तरीच्या एखाद्या शेतकऱ्यासोबत त्याच्या घरापासून रेल्वे स्थानकापर्यंत चालावे; एकदा आषाढाच्या चिखलात, एकदा महागणपतीच्या दर्शनास लोटणाऱ्या संकष्टीच्या गर्दीत. वाटेत टेकावयास जागा किती, जिन्यास आधार आहे की नाही, हे टिपावे. एस. टी.त ६५ वर्षांपुढे अर्धे तिकीट आहे व २०२२ पासून ७५ वर्षे पुरी झालेल्यांस प्रवास मोफत आहे. परंतु फाट्यापर्यंत पोहोचताच येत नसेल, तर त्या सवलतीस एकच आणा द्यावा.

कामाची बाब विशेष महत्त्वाची. वृद्धास ओटीवर बसवून ठेवणे म्हणजे मान देणे, हा समज चुकीचा होय. राब केव्हा भाजावा, बियाण्यास कोणते भात राखावे, हे त्यास विचारले जाते काय, ते पाहावे.

घराच्या बाबीत जमीनही मोजावी. नोकरीत असता एक म्हातारे गृहस्थ भेटले. जमीन मुलांच्या नावे होऊन वर्षही झाले नव्हते. परंतु कणगीतले बियाणे काढावयासही परवानगी लागते, असे ते म्हणाले. त्यांचे पोट भरत होते, शब्द मात्र उरला नव्हता. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ येथे उपयोगी पडते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, देणाराच्या इच्छेवरून न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. प्रांताधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा अधिकारी त्याचा प्रमुख नसतो. मात्र अट घातली होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. यास्तव ती अट दस्तातच स्पष्ट लिहावी.

शेवटची सूचना ही, की आणे सरपंचाने किंवा मुलांनी देऊ नयेत. वृद्ध स्त्रीपुरुषांनीच, परस्परांपासून वेगळे बसून, द्यावेत. पीक आठ आण्यांखाली उतरले म्हणजे आपण टंचाई मानून उपायास लागतो. येथेही तोच नियम लावावा. कारण आज पाहणी करणारा उद्या त्याच वाटेने चालणार आहे.