एवढ्याशा स्क्रीनवर माऊस कुठे ठेवायचा?

(एपिसोडचं शब्दांकन. ऐकायचं असेल तर वरचं प्ले बटण दाबा.)

आजचा शब्द आहे 'पोर्ट'. आपल्या रायगड किनाऱ्यावर पोर्ट म्हटलं की रेवस, मांडवा, दिघी आठवतात. गेमच्या दुनियेत मात्र पोर्ट करणं म्हणजे एका यंत्रासाठी बनवलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणं. मोठ्या गलबतातला माल छोट्या होडीत उतरवतात ना, तसंच काहीसं. होडीत सगळं मावत नाही. मग ठेवायचं काय आणि सोडायचं काय? एकाच गेमवरून हे समजून घेऊ. गेमचं नाव 'ब्रोकन सोर्ड'.

आधी, पॉइंट-अँड-क्लिक म्हणजे काय?

'ब्रोकन सोर्ड' 1996 साली आला. इंग्लंडमधल्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअर कंपनीचा. पॅरिसच्या एका कॅफेत बॉम्बस्फोट होतो आणि तिथे बसलेला जॉर्ज नावाचा अमेरिकन पर्यटक त्याचा छडा लावायला निघतो. आपण काय करायचं? चित्र नीट बघायचं, वस्तूंवर क्लिक करायचं, लोकांशी बोलायचं, मिळालेली वस्तू योग्य ठिकाणी वापरायची. हाणामारी नाही आणि सहसा घाईही नाही.

यातली खरी गंमत क्लिकमध्ये नसून त्याच्या आधी आहे. राजपुरीच्या धक्क्यावरून होडीत बसलं की जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. समोर नुसता तट! हे गेम तसेच असतात. माऊसचा बाण चित्रावरून नुसता फिरवायचा. एखाद्या जागी त्याचं रूप बदललं की समजायचं, इथे काहीतरी आहे. म्हणजे माऊस हा नुसता हात नाही, ते आपले डोळे आहेत.

पहिला प्रयत्न: गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, 2002

कॉम्प्युटरवर हा गेम 640 बाय 480 ठिपक्यांत दिसायचा. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची स्क्रीन 240 बाय 160 ची. हिशोब केला तर बरोबर एक अष्टमांश! वर माऊस नाही, टचही नाही, फक्त बटणं.

मग बाणच काढून टाकला. दिशांच्या बटणांनी थेट जॉर्जलाच चालवायचं. पात्रांचे आवाज गेले, संवाद फक्त वाचायचे. पण कोडी आणि गोष्ट होडीत नीट उतरली.

दुसरा प्रयत्न: निन्टेंडो डीएस, 2009

इथे दोन स्क्रीन होत्या आणि खालची टच होती, सोबत छोटी काडी म्हणजे स्टायलस. माऊसला जवळचा भाऊ मिळाला. 'डिरेक्टर्स कट' नावाच्या या आवृत्तीत अडलेल्यासाठी सूचना आल्या. मूळ गेममध्ये आयर्लंडच्या किल्ल्यापाशी एक शेळी जॉर्जला धडक मारून पाडते. बाकी गेम आरामात विचार करायला लावतो आणि इथे मात्र अचानक चपळाई मागतो. त्या शेळीने जगभरच्या लोकांना रडवलं होतं. नव्या आवृत्तीत तो प्रसंग सोपा केला.

तिसरा: आपला फोन

हीच आवृत्ती 2010 मध्ये आयफोनवर आणि 2012 मध्ये अँड्रॉइडवर आली. फोनवर अडचण वेगळीच. बोट जाडजूड, आणि जे बघायचं तेच बोटाखाली झाकलं जातं. शिवाय माऊससारखं 'नुसतं फिरवणं' बोटाला जमत नाही. टेकवलं की तो स्पर्शच. उपाय असा: बोट स्क्रीनवर सरकवलं की जवळच्या वस्तूंवर खुणा उमटतात. शोधणं थोडं सोपं होतं, पण शोधणं उरतं.

म्हणून चांगला पोर्ट कसा ओळखायचा? चित्र किती झकास दिसतं ते नंतर बघा. आधी विचारा, मूळ गेममध्ये डोळ्यांना जे काम होतं, ते इथे कुणाकडे दिलंय?

पोर्ट झालाच नाही तर?

ज्या गेमला कुणी होडीत घेतलं नाही, तो जुन्या कॉम्प्युटरसोबत भंगारात जातो. यावर 2001 पासून काही हौशी प्रोग्रामर काम करतायत. त्यांचं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे 'स्कमव्हीएम'. ते प्रत्येक गेम नव्याने बांधत नाही. गेमच्या मूळ फाइल वाचतं आणि त्या आजच्या यंत्रावर चालवतं. फोनवर त्यात टचपॅडसारखी सोय आहे: बोट एका बाजूला फिरवा, बाण दुसरीकडे हलतो. म्हणजे बोटाखाली काही झाकलं जात नाही.

रेव्होल्यूशनचाच 1994 चा 'बिनीथ अ स्टील स्काय' 2003 पासून कायदेशीररीत्या मोफत आहे. स्कमव्हीएमच्या वेबसाइटवर मिळतो. एकदा उतरवला की नेट लागत नाही. गेटवेहून मांडव्याला येताना लाँचमध्ये रेंज गेली तरी खेळ चालू.

एक खंत मात्र आहे. या दोन्ही गेममध्ये मराठी नाही. असे गेम संवादांवर चालतात, त्यामुळे इंग्रजीत अडखळणाऱ्याला कोडं सुटत नाही आणि त्याला वाटतं आपल्यालाच डोकं नाही. डोकं असतं हो, दरवाजा दिसत नसतो. खरं तर हाही पोर्टच आहे, यंत्राचा नाही, भाषेचा. आपल्यातल्या कुणाला प्रोग्रामिंग आणि मराठी दोन्हीची आवड असेल, तर हे गलबत किनाऱ्याबाहेर उभंच आहे. होडी आपण घालायची.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, त्या शेळीपासून सांभाळून!