कौशल्य, प्रमाणपत्र आणि परदेशवस्ती : चंद्रपूर–गडचिरोलीतील कारागिरांच्या पूर्वतयारीसंबंधी काही विचार

चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील स्थलांतराचा विचार आजवर बहुतांशी दोन अंगांनी झालेला आहे. मिरची तोडणीच्या हंगामात तेलंगणात उतरणारे मजूर हे त्याचे एक अंग. आणि कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, सिमेंटचे कारखाने व औष्णिक वीजकेंद्र यांच्या निमित्ताने बाहेरून येथे आलेले कामगार हे दुसरे. यांपैकी पहिल्यास परत येण्याची खात्री असते आणि दुसऱ्यास देशाची सीमा ओलांडावी लागत नाही. शिकून तयार झालेल्या कारागिराने परदेशी जाऊन तेथे कायमची वस्ती करावयाची, हा तिसरा प्रकार या भागात नवा असून त्याची शास्त्रशुद्ध चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात त्याच्या एकाच बाजूचा, म्हणजे पूर्वतयारीचा, विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाला निकड आली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्या महिन्यात महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग हे राज्य यांच्यात करार होऊन दहा हजार कुशल कामगार तिकडे पाठविण्याची योजना जाहीर झाली. परिचारिका, वीजतंत्री, नळ कारागीर, वाहनचालक, उपाहारगृहातील सेवक अशा सुमारे तीस व्यवसायांचा तीत समावेश होता, आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा भार राज्यशासनाने उचलावयाचा होता. योजनेच्या घोषणेत भाषेलाच अग्रस्थान मिळाल्यामुळे ‘तयारी म्हणजे जर्मन शिकणे’ असा समज सर्वत्र रूढ झाला. हा समज अपुरा आहे, इतकेच नव्हे, तर ज्या मुलांच्या हाती वेळ व पैसा दोन्ही थोडे आहेत त्यांचे त्यामुळे नुकसान होण्याचा संभव आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

माणूस सीमा ओलांडतो तेव्हा त्याच्या हातातील कसब त्याच्याबरोबर जाते. परंतु त्या कसबाची किंमत आपोआप जात नाही. ती नव्या प्रदेशाने मान्य करावी लागते. या गोष्टीचे उदाहरण शोधण्यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांपैकी काही कुटुंबे १९६० नंतरच्या दशकात त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात वसविण्यात आली. आजच्या मुलचेरा तालुक्यातील सुंदरनगर, विवेकानंदपूर, खुदीरामपल्ली, देशबंधुग्राम ही गावनावे त्या वसाहतीची साक्ष देतात. ही मंडळी पुष्कळ अंशी नमःशूद्र शेतकरी व मच्छीमार होती. नदीच्या मुखाकडील गाळाच्या जमिनीत भात पिकविणे, होडी चालविणे, जाळे टाकणे यांत ती तरबेज होती. त्यांच्या वाट्याला आली ती सागवानाच्या जंगलातून मोकळी केलेली जमीन. भातशेती व तळ्यातील मासेमारी यांचा त्यांनी येथेही जम बसविला, हे त्यांच्या चिकाटीचे फळ होय. पण कागदाची गोष्ट निराळी. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली राहूनही राज्याची सीमा ओलांडताच एका प्रमाणपत्राचा अर्थ बदलला आणि त्यासंबंधीची मागणी पुढच्या पिढ्यांना चालवावी लागली. मग दोन देशांमधील सीमेवर व्यवसायाच्या प्रमाणपत्राचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

याच प्रश्नाला राज्ययंत्रणेच्या पातळीवर सर्वांत दीर्घकाळ तोंड दिलेला देश म्हणजे फिलिपीन्स. तेथे १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरीसाठी सरकारी मंडळे निर्माण केली. १९८२ मध्ये त्यांचे एकत्रीकरण झाले. आणि २०२१ च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातेच स्थापन झाले. ही सर्व रचना केवळ शासनाच्या दूरदृष्टीतून झाली असे मात्र मानू नये. मार्च १९९५ मध्ये सिंगापुरात फ्लोर कोंतेम्प्लासिओन या फिलिपिनो मोलकरणीस फाशी दिले गेले, त्यावरून देशभर क्षोभ उसळला, आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा करणे सरकारला भाग पडले. आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने तेथील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, कराराने काही वर्षांसाठी जाणारा कामगार आणि कायमचा वसण्यासाठी जाणारा मनुष्य यांत फिलिपीन्सने १९८० पासूनच भेद केलेला आहे. दुसऱ्या वर्गासाठी वेगळा आयोग असून प्रस्थानापूर्वीचे मार्गदर्शन दोघांना निरनिराळे दिले जाते. दुसरी, १९९४ मध्ये तेथे तांत्रिक शिक्षणाची एक मध्यवर्ती संस्था स्थापन होऊन कारागिराच्या कौशल्याची श्रेणीनिहाय परीक्षा व राष्ट्रीय प्रमाणपत्र यांची व्यवस्था झाली. परदेशी मालकास जे वाचता येईल असे काहीतरी कारागिराच्या हाती असावे, हे त्या देशाने लवकर ओळखले. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचा मुख्य रोख आखाती व तत्सम देशांत जाणाऱ्या, शालान्त परीक्षा न झालेल्या मजुराच्या संरक्षणावर राहिला. दहावी उत्तीर्ण होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला आणि जर्मनीस निघालेला तरुण त्या कायद्यातील परवानगीच्या तरतुदीबाहेरच राहतो.

आता जर्मनीच्या नियमांकडे वळू. तेथे कुशल कामगारांच्या आगमनाचा कायदा १ मार्च २०२० पासून लागू झाला आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात त्यात टप्प्याटप्प्याने मोठ्या सुधारणा झाल्या. मूळ तत्त्व असे की, परदेशी प्रमाणपत्राची तुलना तेथील त्याच व्यवसायाच्या अभ्यासक्रमाशी व्हावी. जर्मन तरुण कारखाना व शाळा या दोन ठिकाणी मिळून साधारणतः तीन ते साडेतीन वर्षे शिकतो, तेव्हा कोठे तो वीजतंत्री होतो. तुलनेत मोठी तफावत आढळल्यास पूर्ण मान्यता न मिळता अंशतः मान्यता मिळते व उरलेला भाग पुढे शिकून भरून काढावा लागतो. कामाचा अनुभव ही तफावत कमी करण्यास उपयोगी पडतो. मार्च २०२४ पासून आणखी एक वाट उघडली : मालकाशी करार करून जर्मनीत जावे, काम करावे आणि मान्यतेची प्रक्रिया तेथूनच पुरी करावी. मात्र या वाटेस एक अट आहे. उमेदवाराचे व्यावसायिक शिक्षण त्याच्या देशाने मान्य केलेले आणि किमान दोन वर्षांचे असले पाहिजे. शिवाय जर्मन भाषेची ए-२ ही पातळी त्याला आली पाहिजे. केवळ अनुभवाच्या बळावर जाण्याची जी वाट आहे, तीतही सामान्यतः दोन वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा आहेच.

या ‘दोन वर्षे’ शब्दांशी आपल्या प्रशिक्षण संस्थांतील वस्तुस्थिती ताडून पाहिली पाहिजे. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यंत्रकारागीर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. संधाता, म्हणजे ज्याला बोलण्यात वेल्डर म्हणतात तो, आणि नळ कारागीर यांचे एकाच वर्षाचे आहेत. गरीब घरातील मुलगा एक वर्षाचा व्यवसाय निवडतो यात नवल नाही. एक वर्ष लवकर मिळकत सुरू होते. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅट क्षमतेच्या वीजकेंद्रात किंवा सिमेंटच्या भट्ट्यांवर देखभालीचे काम केलेला संधाता हाताने कोणत्याही परीक्षेस उतरेल असा असू शकतो. तरीही प्रमाणपत्रावर एकच वर्ष असल्यामुळे वरील वाट त्याला बंद आहे. याच मुलाने आधी वर्षभर जर्मन भाषा शिकण्यात घालविले आणि मग हे त्याला कळले, तर ते वर्ष त्याला कोण परत देणार? संपूर्ण मान्यतेसाठी अर्ज करण्यास त्याला बंदी नाही. परंतु साडेतीन वर्षांच्या मापाने एक वर्ष मोजले गेल्यावर निर्णय काय येईल हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. त्याला वास्तवात खुली असलेली वाट निराळीच आहे. बी-१ पातळीची भाषा संपादून जर्मनीतच शिकाऊ उमेदवार म्हणून नव्याने आरंभ करावा, विद्यावेतनावर तीन वर्षे काढावीत आणि तेथील प्रमाणपत्र घ्यावे. ही वाट वाईट नव्हे, पण ती अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास जशी मानवते तशी घरसंसार असलेल्या तिशीच्या कारागिरास मानवत नाही.

परिचारिकांच्या बाबतीतही हेच दिसते. तीन वर्षांचा सामान्य परिचर्या अभ्यासक्रम केलेल्या मुलीस जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळविता येते. सामान्यतः बी-२ पातळीची भाषा व उणीव भरून काढणारे प्रशिक्षण किंवा परीक्षा एवढे तिला करावे लागते. गडचिरोलीच्या दुर्गम उपकेंद्रांचा भार जिच्यावर असतो ती दोन वर्षांची सहायक परिचारिका-प्रसाविका मात्र त्या तुलनेत परिचारिका ठरत नाही. तिच्या कामाला समांतर पद शोधावे लागते ते परिचर्या-सहायकाचे. पावसाळ्यात ओढा ओलांडून बाळंतपणे करणाऱ्या स्त्रीला हे सांगणे अवघड आहे, पण निघण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. केरळने या बाबतीत बरीच पूर्वयोजना केली. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील अनिवासी केरळीयांच्या संस्थेने जर्मन रोजगार खात्याशी करार केला. त्या पद्धतीत परिचारिकेकडून नेमणुकीचे शुल्क घेतले जात नाही, भाषा मायदेशीच शिकविली जाते आणि मान्यतेची प्रक्रिया जर्मनीत पुरी केली जाते. फिलिपीन्सने असाच करार २०१३ मध्ये केलेला होता.

यावरून भाषेचे महत्त्व कमी आहे असे कोणी समजू नये. उलट, या दोन जिल्ह्यांत भाषेचा प्रश्न अधिक खोल आहे. भामरागड किंवा एटापल्लीकडील माडिया मुलाची घरची भाषा माडिया, शाळेची मराठी, प्रशिक्षण संस्थेतील पुस्तकांत अर्धी हिंदी व अर्धी इंग्रजी. जर्मन ही त्याची चौथी-पाचवी भाषा. अनेक भाषांत वावरण्याची सवय हे त्याचे भांडवल आहे, ही गोष्ट आमच्या शिक्षणसंस्थांना अजून पुरती उमगलेली दिसत नाही; परंतु व्याकरणाची परिभाषा ज्या मराठीतून त्याला समजावून द्यावयाची, तीच त्याची दुसरी भाषा आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी बेतलेला अभ्यासक्रम तसाच उचलून येथे आणल्यास निकाल निराशाजनक येतील आणि दोष मुलांच्या माथी मारला जाईल.

मध्यस्थांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, भारतात नोंदणीकृत भरती-एजंटास उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. फिलिपीन्समध्ये साधारणतः एका महिन्याच्या वेतनाची मर्यादा असून घरकामगारांकडून काहीच घेण्यास मुभा नाही. ही मर्यादा उमेदवारास आधी ठाऊक असेल तरच तिचा उपयोग. ठाऊक नसेल तर शेत गहाण पडते.

अखेरीस वस्तीचा प्रश्न. २०२३ च्या सुधारणेनंतर जर्मनीत कुशल कामगारास तीन वर्षांच्या नोकरीनंतर, निवृत्तिवेतनाची छत्तीस महिन्यांची वर्गणी व बी-१ भाषा या अटींवर, कायमचा राहण्याचा परवाना मिळू शकतो. मागाहून येणाऱ्या पतीस वा पत्नीस सामान्यतः ए-१ पातळीची जर्मन यावी लागते. म्हणजे घरी राहिलेल्या माणसाची तयारी हाही पूर्वतयारीचाच भाग होय, आणि तिची व्यवस्था घोषित योजनेच्या केंद्रस्थानी नव्हती. पाच वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास मुभा दिली असली, तरी आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा ती देत नाही. जर्मन नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते.

मग गावातील हक्कांचे काय? शहरी कुटुंबाच्या दृष्टीने हा घर-जमिनीच्या वाटणीचा प्रश्न असतो. गडचिरोलीत त्याला आणखी एक पदर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला वैयक्तिक पट्टा वारसाने जातो, पण विकता येत नाही. सामूहिक वनहक्क तर ग्रामसभेचा असतो. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास तो २००९ मध्ये मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना मिळाला. बांबू व तेंदूपत्ता यांतून येणारे उत्पन्न गावात राहून काम करणाऱ्या व सभेत बसणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचते. श्टुटगार्टला वस्ती केलेल्या वीजतंत्र्यास हा वाटा विकून पैसे करता येणार नाहीत, अन् बरोबरही नेता येणार नाही. तो भावाच्या ओंजळीत ठेवूनच त्याला निघावे लागेल, आणि परत यावयाचे झाल्यास सभेत त्याची जागा कोणती, हे त्या गावच्या ग्रामसभेलाच ठरवावे लागेल.