फडताळातील मुके पाहुणे

ईस्टरनंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही गावोगाव हिंडतो, तेव्हा बहुतेक घरांत अल्ताराशेजारी, कोनाड्यात वा फडताळावर पुस्तकांचा एक लहानसा ढीग आमच्या दृष्टीस पडतो. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलाला मिळालेले संतचरित्र, सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात मोठ्या उत्साहाने विकत घेतलेला शुभवर्तमानावरील ग्रंथ, लग्नात आहेर आलेले बायबल आणि परलोकवासी आजोबांनी जपलेली दोन-चार जुनी पुस्तके त्यात असतात. वरची धूळ झटकलेली असते. परंतु बायबलातील रेशमी फीत छापखान्यात ज्या पानात ठेवली गेली, त्याच पानात पडून असते.

या ढिगाकडे आमची नजर गेली की घरधनी ओशाळतो आणि ‘‘फादर, वेळच होत नाही’’ असे म्हणतो. त्याला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. कष्टाच्या पैशातून पुस्तक घेणारा मनुष्य चांगल्या इच्छेनेच ते घेतो. पाहुण्याला अगत्याने घरी बोलावावे, ओसरीवर बसवावे आणि मग त्याच्याशी एक शब्दही बोलू नये, तसे मात्र या पुस्तकांचे झाले आहे.

यात नुकसान कोणाचे? वाळवी व पावसाळ्यातील बुरशी पुस्तकांचे नुकसान करतातच. पण त्याहून मोठे नुकसान घराचे आहे. आमच्या सीमाभागातील कित्येक मुले आज कन्नड किंवा इंग्रजी शाळेत शिकतात. घरी ती मराठी बोलतात, प्रार्थनाही मराठीत म्हणतात. परंतु मराठी पान समोर आले की अडखळतात. हा ढीग असाच राहिला, तर ज्यांच्यासाठी आजोबांनी तो जपला, त्या नातवंडांना तो वाचताच येणार नाही. मग ज्या भाषेत आई देवाशी बोलली, त्या भाषेतील देवाचे वचनच तिच्या मुलांना परके होईल. म्हणून हा प्रश्न केवळ फडताळाच्या टापटिपीचा नव्हे.

यावरचा उपाय ख्रिस्तसभेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासी बंधूंसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८व्या प्रकरणात असे सांगितले आहे की, उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक बंधूला एक पुस्तक द्यावे आणि त्याने ते पहिल्या पानापासून क्रमाने, संपूर्ण वाचावे. दहा पुस्तके चाळावयाची नाहीत. एकच घ्यावयाचे आणि शेवटास न्यावयाचे. वाचनाच्या वेळी कोणी आळसात वा गप्पांत वेळ दवडतो काय, हे पाहण्यासाठी एकदोन वडीलधाऱ्या बंधूंनी मठात फेरी मारावी, असेही तेथे म्हटले आहे. पंधराशे वर्षांपूर्वी मठातही वाचन टाळणारे होते, हे पाहून आपल्याला थोडा धीर यावा! त्याच नियमावलीच्या ३८व्या प्रकरणाप्रमाणे जेवणाच्या वेळी एकाने मोठ्याने वाचावयाचे व इतरांनी मुकाट्याने ऐकावयाचे असते. वाचन हे डोळ्यांइतकेच कानांचेही काम आहे, हे त्या संताने जाणले होते.

हीच रीत आपल्या घरी आणता येईल. एखाद्या रविवारी दुपारी सारी पुस्तके चटईवर मांडावी. कोरड्या फडक्याने पुसून ती सावलीत वाऱ्याला ठेवावी. कडक उन्हात कागद ठिसूळ होतो. जी आपल्या घरात कोणाच्याच उपयोगाची नाहीत, ती शेजाऱ्याला वा धर्मग्रामाच्या वाचनालयाला द्यावी. देण्यात कमीपणा नाही. वाळवीने पार खाल्लेली आशीर्वादित प्रार्थनापुस्तके मात्र रद्दीत न घालता जाळावी किंवा मातीत पुरावी, ही जुनी रीत आहे. उरलेल्यांतून एकच पुस्तक अल्ताराजवळ ठेवावे आणि बाकीची कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ट्रंकेत ठेवून द्यावी.

सायंकाळी तेर्स झाल्यावर पाच पाने मोठ्याने वाचावी. त्यास सुमारे पाव तास लागतो. दोनशे पानांचे पुस्तक अशा रीतीने चाळीस दिवसांत पुरे होते, म्हणजे एका उपवासकाळात एक पुस्तक.

कोणते पुस्तक प्रथम घ्यावे, याचा घोळ घालू नये. इ.स. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून इग्नेशियस लोयोला अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी वाचावयास शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. तशी पुस्तके घरात नव्हती. एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतांच्या चरित्रांचा संग्रह, एवढेच मिळाले. नाइलाजाने हाती घेतलेल्या त्या पुस्तकांनी एका सैनिकाचे आयुष्य पालटले व ख्रिस्तसभेला एक संत मिळाला. जे घरात आहे तेच हाती घ्यावे. आपल्या फडताळावरील कोणते पुस्तक कोणाची वाट पाहत आहे, हे देवालाच ठाऊक.

आता वाचावयाचे कोणी? आमचे सांगणे असे की, घरातील शाळकरी मुलाने वा मुलीने वाचावे. ते अडखळेल, जोडाक्षर चुकेल. पण शेजारी आजी बसलेली असते. पुष्कळ घरांत तिला अक्षरओळख नसते. तरी शब्द चुकीचा उच्चारला गेला की तो तिच्या कानाला खटकतो आणि ती तेथल्या तेथे सुधारून देते. मुलाजवळ अक्षरे आहेत, आजीजवळ शब्द आहेत. दोघांनी मिळून ते पान वाचले जाते. मोबाइलवर मान घालून बसलेला थोरला मुलगाही चौथ्या-पाचव्या दिवशी ‘‘पुढे काय झाले?’’ म्हणून विचारू लागतो.

पुस्तके अशीच टिकतात. इंग्लंडहून गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्या जुन्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. पण ख्रिस्ती कुटुंबांनी ते हातांनी उतरून घेतले, घरोघरी गायिले व ऐकिले; आणि अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांना मंगळूर येथे ते पुन्हा छापता आले. जे वाचले गेले, तेच वाचले!

तेव्हा वाचकहो, ढीग संपविण्याची चिंता करू नका. या आठवड्यात एक पुस्तक उघडा, ते मुलाच्या हाती द्या, आजीला जवळ बसवा आणि रेशमी फीत पाच पाने पुढे न्या. तुमच्या घरातील वाचणाऱ्यास व ऐकणाऱ्यांस प्रभू आशीर्वाद देवो.