वाकवलेली फळी सरळ का होत नाही?

शंभर पानी वही वाकवली की तिची मोकळी कड तिरकी होते. पाने एकमेकांवरून सरकतात, म्हणूनच वही सहज वाकते. आता तशीच वाकलेली असताना सगळी पाने डिंकाने चिकटवून टाकली तर? सरळ व्हायला पानांना परत सरकावे लागेल, आणि ती वाट डिंकाने अडवलेली असेल. लहान होडीच्या नाळेजवळ प्लायवूडला बाक देतात तो याच युक्तीने.

12 मिलिमीटर जाडीचा अखंड प्लाय साच्यावर दाबला तर तो दाद देत नाही. फार हट्ट केला तर मोडतो. त्याऐवजी 4 मिलिमीटरचे तीन थर घ्यायचे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. त्यामुळे सुटे तीन थर मिळून अखंड फळीच्या नवव्या हिश्श्याइतक्याच जोराने वाकतात. मध्ये लावलेले इपॉक्सी (राळेचा गोंद) घट्ट झाले की त्यांची एकच फळी बनते आणि ताठपणा नऊपट होतो. तरी लाकूड आपला मूळ आकार पुरता विसरत नाही. क्लॅम्प सोडले की ढोबळ हिशेबाने बाकाचा नववा हिस्सा उघडतो, म्हणजे 18 सेंटीमीटर खोलीमागे 2 सेंटीमीटर. म्हणून जाणता कारागीर साचाच थोडा जास्त खोल करतो. 2 मिलिमीटरचे सहा थर घेतले, तर हेच उघडणे जेमतेम 5 मिलिमीटरवर येते!

नुसता बाकच नव्हे, अख्खी नौकाही इपॉक्सीवर उभी राहते. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी 1970 मध्ये ‘अडाजिओ’ ही 35 फुटी तीन सांगाड्यांची शिडाची नौका बांधली. तिचे लाकूड खिळ्या-स्क्रूंच्या भरवशावर नव्हे, इपॉक्सीवर सांधलेले होते.

इपॉक्सी पांढऱ्या गोंदासारखे पाणी उडून वाळत नाही. राळ आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे विणतात, आणि त्यात उष्णता बाहेर पडते. खोल पेल्यात कालवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते, धुरकटते आणि बघता बघता दगड होते. पसरट ताटलीत ओतले तर कामाला बराच वेळ मिळतो. तापमान 10 अंशांनी वाढले की हा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून कोकणातल्या मे महिन्यात पहाटच बरी. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त ओतू नये. जादा रेणूंना जोडीदार मिळत नाही आणि सांधा मऊ राहतो.

लाकूड इपॉक्सी पिते. आधी पातळ हात द्यावा, मग सिलिकाची पूड घालून थिजलेल्या तुपाइतके दाट केलेले मिश्रण पसरावे. साच्यावर प्लॅस्टिकचा कागद हवाच, नाहीतर होडी साच्यासकट पाण्यात न्यावी लागेल. क्लॅम्प मात्र करकचून आवळू नयेत. कडेने बारीक थेंब डोकावले की थांबावे. त्यापुढे दाबले तर सांध्यातले इपॉक्सीच बाहेर निघून जाते.

प्लाय घेताना आयएस 710 हा शिक्का पाहावा. त्या मानकातल्या चाचणीत नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. तरीही कापलेल्या कडा उघड्याच असतात आणि पाणी तिथूनच शिरते, तेव्हा त्यांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत, तेही हातमोजे घालूनच.