गुरुजींच्या पडद्यावर साऱ्यांचे पडदे

शाळेत संगणकाची खोली असते. तुम्ही पाहिली असेल. ओळीने टेबले, टेबलांवर संगणक आणि समोर मुले. समजा, संगणक वीस आहेत आणि मुले चाळीस. एकेका संगणकापाशी दोघे दोघे बसले आहेत. शिकवायला गुरुजी एकटे.

गुरुजी फळ्यापाशी उभे राहिले की त्यांना मुलांची तोंडे दिसतात, पण संगणकाचे पडदे दिसत नाहीत. पडद्यांची पाठ त्यांच्याकडे असते. मग कोण गणित करतो आहे, कोण खेळ खेळतो आहे, कोणाचे पहिल्याच पायरीला अडले आहे, हे कळावे कसे? एकेका टेबलाशी जाऊन बघावे, तर विसाव्या टेबलाशी पोचेपर्यंत तास संपतो. लाजरे पोर तर हातही वर करीत नाही. ते बिचारे तसेच गप्प बसून राहते.

या अडचणीवर जर्मनी देशात एक उपाय निघाला. त्याचे नाव वेयॉन. हा एक प्रोग्रॅम आहे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने काय काय करायचे, त्याच्या लिहून ठेवलेल्या आज्ञा. तुमचा मोबाइलसुद्धा असल्याच आज्ञांनी चालतो. या प्रोग्रॅमचे काम २००४ च्या सुमारास सुरू झाले. तेव्हा त्याला आयटॅल्क म्हणत. २०१७ साली त्याला नवे रूप आले आणि वेयॉन हे नाव मिळाले.

तो चालतो कसा, ते बघा. खोलीतले सगळे संगणक एकमेकांना जोडलेले असतात. मुलांच्या प्रत्येक संगणकावर वेयॉनचा एक भाग बसवतात. तो गुरुजींच्या हाकेची वाट पाहत असतो. दुसरा भाग गुरुजींच्या संगणकावर असतो. त्यांनी हाक दिली की मुलांचे सगळे पडदे त्यांच्या पडद्यावर लहान लहान चौकोनांत उमटतात. एकाच चौकटीत घरातल्या सगळ्यांचे फोटो लावतात ना, तसे. फरक इतकाच, की हे फोटो हलते असतात.

आता गुरुजींना जागेवरूनच कळते, की सातव्या टेबलावरच्या मुलीचे अडले आहे. ते आपल्या संगणकावरून तिच्या पडद्यावर बोट ठेवल्यासारखे दाखवतात, "अगं, इथं दाब." चारचौघांत तिचे हसे होत नाही. सगळ्यांना एकच गोष्ट दाखवायची असेल, तर गुरुजी आपला पडदा सगळ्या मुलांच्या पडद्यांवर आणतात. मुलांनी नुसते ऐकावे असे वाटले, तर सगळे पडदे एकदम बंद करतात. शाळा सुटल्यावर वीसही संगणक एका आज्ञेने मिटतात. याला इंटरनेट लागत नाही. वीज मात्र लागते. ती गेली तर फळा आणि खडू आहेतच!

तुम्ही म्हणाल, मग एखादे टवाळ पोरही दुसऱ्याचा पडदा बघेल. त्यासाठी किल्ली आहे. ती दोन भागांत असते. एक भाग मुलांच्या संगणकावर, त्याला आपण कुलूप म्हणू. दुसरा भाग गुरुजींपाशी. दोन्ही जुळले तरच पडदा दिसतो. गुरुजींनी आपला भाग मुलांच्या संगणकावर विसरून ठेवला, तर मात्र कुलूप असून नसल्यासारखे.

या प्रोग्रॅमला पैसे पडत नाहीत. काही जादा जोड विकत मिळतात, पण मूळ प्रोग्रॅम फुकट आहे. आणि तो नुसता फुकट नाही, मुक्त आहे. या दोन शब्दांत मोठा फरक आहे. बाजारातली मसाल्याची पुडी कुणी फुकट दिली, तरी तिच्यात काय कुटले आहे ते आपल्याला दिसत नाही. पण शेजारणीने मसाल्याचे प्रमाण कागदावर लिहून दिले, तर तो घरी करता येतो, तिखट कमी करता येते, बहिणीलाही तो कागद देता येतो. मुक्त प्रोग्रॅम असा असतो. त्याच्या आज्ञा कोणाही जाणकाराला वाचता येतात आणि बदलता येतात. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली असे प्रोग्रॅम करण्याची चळवळ सुरू केली. आपल्याच देशात केरळ राज्याने सरकारी शाळांचे संगणक मुक्त प्रोग्रॅमवर चालवून दाखवले आहेत.

मुलांवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत हा मोकळेपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. पैसे वाचतात ही गोष्ट त्याच्या मागून येते. नजर ठेवणे म्हणजे काय होऊ शकते, ते ऐका. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शाळांनी मुलांना घरी नेण्यासाठी संगणक दिले होते. चोरीला गेलेला संगणक सापडावा म्हणून त्यात एक प्रोग्रॅम घातला होता. तो वेयॉन नव्हे, दुसराच होता. तो संगणकाच्या कॅमेऱ्यातून गुपचूप फोटो काढी. मुले घरात, आपल्या खोलीत असताना त्यांचे फोटो निघाले. आईबापांना पत्ताच नव्हता. २०१० साली एक मुलगा व त्याचे आईवडील कोर्टात गेले, आणि त्याच वर्षी शाळांना ६ लाख १० हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावे लागले.

वेयॉन पडदा दाखवतो, कॅमेरा चालवत नाही. तरी गुरुजींना पडद्याचे चित्र टिपून ठेवता येते. त्यावर मुलाचे नाव आणि वेळही पडते. ते चित्र पुढे कोण बघणार, किती दिवस राहणार, हे प्रोग्रॅम ठरवत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते. मुलाच्या पडद्याच्या कोपऱ्यात वेयॉनचे एक बारीक चिन्ह असते. बसवणाऱ्याला ते लपवताही येते. गुरुजी बघू लागले की मुलाला तशी सूचना मिळेल, किंवा आधी त्याची परवानगी मागितली जाईल, अशीही सोय करता येते. आम्हाला विचाराल तर चिन्ह उघडे असावे, आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे, "बाळांनो, तास चालू असताना तुमचे पडदे मला दिसतात."

हे शाळेला कोणी विचारायचे? तुम्हीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन सभासद तरी मुलांचे आईबाप किंवा पालक असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. "आपल्याला संगणकातलं काय कळतंय," असे म्हणून गप्प बसू नका. पुढच्या सभेला जाल तेव्हा संगणकाची खोली उघडायला सांगा. मुलांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम आहे का, किल्ली कोणापाशी आहे, टिपलेली चित्रे कधी पुसतात, हे गुरुजींना विचारा. मग मुलाच्या संगणकापुढे बसा आणि पडद्याच्या कोपऱ्यात ते चिन्ह दिसते का बघा.